बाहुलीचा डोळा

चिंध्यांच्या बाहुलीला एकच डोळा उरला होता, आणि तो बारकीकडे रोखून बघत होता.

बाहुली आक्कानं शिवलेली. पोटात कातरणांचा चुरा, डोक्याला काळी लोकर आणि डोळ्यांच्या जागी कोटाची दोन काळी बटणं. उजवं जागेवर होतं. डाव्याच्या जागी दोऱ्याची टोकं तेवढी वर आली होती. बारकीनं बाहुली उलटी केली, सुलटी केली, दुपटी झटकली, गादीखाली हात घालून पाहिलं. बटण नव्हतं. पाळण्यात मुठ्या झोपला होता, जेमतेम सहा महिन्यांचा, दोन्ही मुठी गच्च आवळून. जन्मला तेव्हापासून मुठी मिटलेल्या, म्हणून आक्कानं, त्याच्या आत्यानं, नाव पाडलं मुठ्या. कागदावरचं नाव वेगळं होतं, ते कागदावरच राहिलं. बारकीनं त्याची एक मूठ हळूच उघडली. आत लोकरीचा एक धागा आणि घाम. दुसरी उघडली. तीही रिकामी.

घर म्हणजे पुढं शिवणाचं दुकान, मागं संसार आणि मध्ये एक पडदा. पुढच्या खोलीत दोन मशिनी समोरासमोर, एक आक्काची, एक बारकीची. नणंद-भावजय दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत पाय मारत बसायच्या. बारकी लग्न होऊन आली तेव्हा आक्कानं तिच्या खांद्यांना टेप लावून पाहिली होती आणि म्हणाली होती, “काय गं ही बारकी! हिला शिवायला कापडच लागायचं नाही.” तेव्हापासून ती बारकी. नवरा मालाची गाडी चालवायचा, आठवड्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात बोलायचं तर आक्काशी, भांडायचं तर आक्काशी, आणि मनात काही धरायचं तर तेही आक्काबद्दलच.

आणि बारकी हल्ली मनात धरून होती. आक्काची नजर उतरत चालली होती. सुईत दोरा ओवताना ती आता सुईकडे बघतच नसे, ओठांनी दोरा ओला करून बोटांनी चाचपत ओवायची. हातातून बटण निसटलं तर वाकायची नाही. “जाऊ दे, सापडेल,” म्हणायची. कुणाला सापडेल? जमिनीवर पालथं पडून पोहायला लागलेल्या पोरालाच ना?

बारकीनं एकदा बोलूनही दाखवलं होतं. “आक्का, डोळे तपासून घ्या ना एकदा.”

“का? माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझी शिवण वाकडी जाते ती मला इथून दिसते.”

विषय तिथंच मिटला. मुठ्या झाल्यापासून बटणांचा डबा कपाटावर गेला होता खरा. पण डबा वर गेला म्हणून घरभर सांडलेली बटणं थोडीच वर जातात.

त्यात आज सकाळी तिनं भलतंच पाहिलं. पडदा सारून ती पुढच्या खोलीत आली, तर आक्का मशीनखाली गुडघ्यांवर. हातात नालाच्या आकाराचं लोहचुंबक, आणि ते ती फरशीवरून हळूहळू फिरवत होती, कानाकोपऱ्यात, मशीनच्या पायांमागे.

“काय शोधताय?”

आक्का दचकली. डोकं मशीनच्या फळीवर आपटलं. “काही नाही. झाडत होते.”

“लोहचुंबकानं?”

“मग काय तुझ्या वेणीनं झाडू?” आक्का म्हणाली खरी, पण नेहमीसारखी हसली नाही. चुंबक तिनं मांडीखाली सारलं आणि बारकीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बारकीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, कामाच्या सवयीनं. तिनं त्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या.

आणि आता ही एकडोळी बाहुली. बारकीच्या मनात दोन्ही गोष्टी एकमेकींना शिवल्या गेल्या. आक्काला ठाऊक आहे. बटण कुठं गेलंय हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच ती गुपचूप शोधतेय.

तेवढ्यात मुठ्या जागा झाला आणि रडण्याऐवजी कण्हला.

सर्दी त्याला दोन-तीन दिवसांपासून होतीच. पण हा श्वास सर्दीचा नव्हता. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता, आणि ओठांच्या कडा पांढुरक्या निळ्या दिसत होत्या. बारकीनं त्याला उचललं तेव्हा त्याचं हृदय तिच्या तळव्याला लागलं, पण जिथं लागायला हवं तिथं नाही. पलीकडच्या अंगाला, उजवीकडे. तिला वाटलं, आपल्याच हाताला काहीतरी झालंय.

“आक्का!” ती ओरडली. आणि आक्का धावत आली तेव्हा पोराला छातीशी धरून एक पाऊल मागे सरकली.

*

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरानं मुठ्याला घेतलं. नाकाशी ऑक्सिजन धरला, छाती दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा ऐकली. उजवीकडे ऐकताना त्याचा चेहरा साधा असायचा, डावीकडे गेला की तो स्वतःचाच श्वास रोखून धरायचा. छातीचा फोटो काढला. पडद्यावर तो आला तेव्हा बारकीलाही दिसलं की डावी बाजू जास्त काळी आहे, आणि मधलं पांढरं हृदय उजवीकडे सरकलंय. गर्दीत कुणी कोपरानं ढकलावं तसं.

“एका बाजूला हवा अडकलीय,” डॉक्टर म्हणाला. “आत जाते, बाहेर निघत नाही. अशा वेळी पहिला संशय येतो तो काहीतरी श्वासनळीत गेल्याचा. घरात बारीक वस्तू असतात? दाणे, मणी, बटणं?”

त्याच्या तोंडून तो शब्द सहज आला, बारकीला मात्र मशीनची सुई बोटातून जावी तसं झालं. दाराशी आक्का उभी होती, बाळाची पिशवी पोटाशी धरून. बारकीनं तिच्याकडे पाहिलं आणि आक्कानं नजर खाली घातली. झालं. आणखी पुरावा कशाला हवा?

“बटण,” ती म्हणाली. “बाहुलीचा डोळा.”

“तोंडात घालताना तुम्ही पाहिलंत?”

इथं ती अडखळली. ‘वाटतं’ म्हणावं, तर हा पोरगेला डॉक्टर कसलं तरी औषध देऊन घरी पाठवेल. आणि ‘वाटतं’ म्हणावं, तर आक्का सुटेल. हे दुसरं कारण तिनं स्वतःलाही नीट ऐकू दिलं नाही.

“पाहिलं,” ती म्हणाली. “आज सकाळी. ह्या आक्कांच्या बाहुलीचं.”

आक्काच्या हातातली पिशवी खाली आली. ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं, मिटलं, आणि तिनं नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

डॉक्टरानं भराभर सांगितलं. प्लॅस्टिकचं बटण फोटोत दिसत नाही. भूल देऊन, बारीक दुर्बीण घालून पाहावं लागेल, सापडलं की तिथल्या तिथं काढता येईल. मोठ्या सर्जनबाईंना बोलावलंय. “तोवर एकच करा. त्याला रडू देऊ नका. जितका रडेल तितकी हवा आत अडकत जाईल.”

बाहेरच्या लांब व्हरांड्यात बारकी मुठ्याला मांडीवर घेऊन बसली. ऑक्सिजनची नळी भिंतीतून आली होती, त्यामुळे हलायचं म्हटलं तरी दोन पावलं. आक्का जवळ येऊन उभी राहिली.

“दे जरा माझ्याकडे.”

“नको.”

“अगं, तुझे हात अवघडले असतील.”

“अवघडू देत. तुम्ही हात लावू नका त्याला.” आवाज वर गेला तसा मुठ्या कसनुसा झाला, म्हणून ती दात दाबून कुजबुजली, “सकाळी काय शोधत होतात ते मला कळत नाही असं समजू नका.”

आक्कानं हात मागे घेतले. मग म्हणाली, “तुला कळलंय ते?”

“हो.”

“मग बरं झालं,” आक्का म्हणाली, आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. पाठमोरी.

बरं झालं? चोरी पकडली गेली की माणूस रडतं, भांडतं, शपथा घेतं. बरं झालं कोण म्हणतं? बारकीला त्या दोन शब्दांचा अर्थ लागेना, आणि अर्थ लागत नाही म्हणूनच संशय आणखी घट्ट होत गेला. हिला तर नेमकं हेच हवं नव्हतं ना? नाही, असं कसं होईल? पण मग नजर का खाली घातली?

मुठ्या कुरकुरायला लागला. बारकीनं त्याला थोपटलं, हलवलं, गालाला गाल लावला. घरी तो असा बिथरला की आक्का मशीन थांबवायची आणि म्हणायची:

*वारा आला दारापाशी, पाय पुसून आत आला,*
*बाळाची गं झोप पाहून, आल्या पावली मागे गेला.*

बारकीनंही तेच म्हणायचा प्रयत्न केला. पण गाणं तिच्या तोंडात आलं ते मापात न बसलेल्या कपड्यासारखं. मुठ्यानं डोळे उघडून तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्यालाही शंका आली की ही बाई कोण. आणि त्यानं ओठ काढले. व्हरांड्याच्या टोकाला आक्काची पाठ ताठ झाली. ती उठली नाही.

*

सर्जनबाई आल्या, बुटक्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या. आल्या त्या सरळ फोटोपाशी गेल्या, आणि कापड घेताना दुकानात आक्का उजेडात धरून विरलेली जागा शोधते तशा पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबत भूल देणारे उंच डॉक्टर होते. त्या दोघांनी आपापसात काहीतरी म्हटलं. तरुण डॉक्टर मध्येच म्हणाला, “पण मॅडम, आईनं स्वतः पाहिलंय.”

“हं,” बाई म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये विश्वास अजिबात नव्हता. बारकीला चीड आली. आता ही कोण माझ्यावर शंका घेणारी?

बाई तिच्यासमोर येऊन बसल्या. मुठ्याच्या छातीवर बोट टेकवून श्वास बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे बघा, माझ्यापुढं दोन शक्यता आहेत, आणि दोन्हींचे रस्ते उलटे आहेत. बटण आत असेल तर मला आत्ताच दुर्बीण घालायला हवी. पण मला या फोटोत बटण वाटत नाही. काळा भाग आहे तो फक्त वरचा, फुफ्फुसाचा खालचा भाग त्याच्याखाली चेपून गेलाय. काही मुलं जन्मतःच अशी असतात. तसं असेल आणि आम्ही भूल देऊन यंत्रानं जोरात हवा भरली, तर ती हवा त्याच फुगलेल्या भागात शिरेल. तो आणखी फुगेल, हृदय दाबेल. मग वेळ राहणार नाही. म्हणून विचारते. बटण तोंडात जाताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का?”

व्हरांड्यात कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं. आक्का केव्हा उठून जवळ आली होती कुणास ठाऊक, ती भिंतीला टेकून उभी होती.

बारकीला कळत होतं की आता ‘हो’ म्हटलं तर काय होईल. आणि ‘नाही’ म्हटलं तर सकाळपासून छातीशी धरलेलं सगळं सोडावं लागेल, तेही आक्कासमोर. ‘हो’ सोपं होतं. जिभेवर तयार होतं. पण मांडीवर मुठ्याचा श्वास चालला होता, आत, आत, आणि बाहेर जेमतेम.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही?”

“पाहिलं नाही. बाहुलीचं बटण जागेवर नव्हतं. मला वाटलं.” तिला आक्काकडे बघवेना. “मला वाटलं म्हणून मी पाहिलं म्हणाले.”

तरुण डॉक्टर काहीतरी बोलणार होता. सर्जनबाईंनी हातानं त्याला थांबवलं. रागावल्या असत्या तर बारकीला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा डोळ्यांवर ओढला.

“ठीक. वाटलं ते बाजूला ठेवू. आता जे खरंच पाहिलंय तेवढंच सांगा. अगदी पहिल्यापासून.”

आणि बारकीला जाणवलं की तिनं बरंच पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यापासून तो दूध पिताना मध्येच थांबायचा, घामाघूम व्हायचा, दम घेऊन पुन्हा लागायचा. ती म्हणायची, लबाड आहे, खेळतोय. उजव्या कुशीवर ठेवलं की कण्हायचा, डाव्या कुशीवर शांत व्हायचा. कपडे शिवायला टेप लावली तेव्हा छातीची डावी बाजू उजवीपेक्षा भरलेली निघाली होती, आणि तिला वाटलं होतं टेप सरकली. आज सकाळी हृदय भलत्या बाजूला हाताला लागलं. हे सगळं बटणाच्या आधीचं. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं, आणि आज सकाळपासून ती एका बटणाआडून बघत होती.

“डावी भरलेली,” सर्जनबाई पुटपुटल्या. त्यांनी भूलवाल्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “आधी स्कॅन.”

“हो. पण गुंगीचं औषध देऊन नको. आपोआप झोपला तर हवा.” त्या बारकीकडे वळल्या. “याला झोपवतं कोण?”

बारकीनं मान खाली घातली. मग उठली, ऑक्सिजनच्या नळीला ताण बसेल तितकी पुढं गेली आणि म्हणाली, “आक्का.”

आक्का हलली नाही.

“आक्का, तुम्ही म्हणाल ते ऐकेन. घरी गेल्यावर बोला. हवं तर हाकलून द्या. पण आत्ता या.”

“हाकलून कुठं देऊ?” आक्का म्हणाली. “तुझ्या मापाची दुसरी भावजय शोधायची तर पुन्हा खांदे मोजत फिरावं लागेल.” आणि तिनं हात पुढं केले.

*

स्कॅनच्या खोलीत पोराजवळ थांबणाऱ्याला शिशाचा जड झगा घालावा लागायचा. आक्कानं तो अंगावर चढवला आणि पहिलं काम केलं ते त्याची शिवण पाहायचं. “ही काय शिलाई म्हणायची? एक टाका इकडे, एक टाका गावाला,” ती तंत्रज्ञाला म्हणाली. मग त्या मोठ्या पांढऱ्या भोकाकडे बघून, “आणि हे आत जाऊन मध्येच बंद पडलं म्हणजे?”

“पडत नाही, मावशी.”

“आमचीही मशीन पडत नाही. पडते तोवर.”

दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या मुठ्यावर ती वाकली. काचेपलीकडून बारकीला तिचे ओठ तेवढे दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण ते कुठले आहेत हे तिला पाठ होतं.

*वारा आला खिडकीशी, हाती त्याच्या हिरवं पान,*
*पान ठेवून उशाशी, गेला राखून माझा मान.*

मुठ्याचे डोळे जड झाले. फळी हळूच आत सरकली, थांबली, परत आली. तो झोपलेलाच होता.

संध्याकाळच्या आत सर्जनबाईंनी दोघींना खोलीत बोलावलं. बटण नव्हतं, कुठंच नव्हतं. डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग फुगून बसला होता. तिथं जाणारी हवेची नळी एका जागी मऊ पडली होती. नळीच्या भिंतीत कूर्चा असते, तिच्यामुळे नळी उभी राहते. याच्यात तेवढ्या जागी ती तयारच झाली नव्हती. श्वास घेताना नळी उघडते, सोडताना मिटते.

“म्हणजे बक्रम नाही,” बारकी म्हणाली.

“काय नाही?”

आक्कानं स्वतःची कॉलर वर करून दाखवली. “हे आत घालतात ते. नाही घातलं तर कॉलर उभी राहत नाही, पडते.”

“बरोबर. अगदी तेच.” सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या. “तो वरचा भाग काढावा लागेल. उद्या सकाळी. छाती उघडेपर्यंत भूलवाले डॉक्टर त्याला त्याच्याच श्वासानं, अगदी हलक्या हातानं सांभाळतील.”

बारकीला पुन्हा संशय आला. फुफ्फुसाचा भाग कापून काढायचा, आणि ही बाई हे सांगताना हसते? “मग उरलेल्यावर तो कसा जगणार? धावला, पडला, मोठा झाला म्हणजे?”

“विचारलंत ते चांगलं केलंत. खालचा भाग चांगला आहे, नुसता दबलाय. जागा मिळाली की तो फुलेल, आणि या वयात फुफ्फुस अजून वाढत असतं. ऑपरेशनला धोका आहे, तो मी झाकणार नाही. पण न करण्यात जास्त आहे.”

“आणि हे कुणामुळे झालं?” हे आक्कानं विचारलं. “ही पोटुशी असताना रात्रंदिवस मशीन मारत होती. मी तिला काम देत होते.”

“कुणामुळेच नाही. पोटात असताना एखाद्याच्या बाबतीत असं घडतं. मशीनमुळे नाही, तुमच्यामुळे नाही, हिच्यामुळेही नाही.”

आक्कानं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. इतकं सरळ उत्तर तिला कुठं पचायला.

*

सकाळी मुठ्याला आत नेलं. दार मिटल्यावर त्या दोघी त्याच बाकावर येऊन बसल्या. या वेळी एकाच बाकावर, पण मध्ये बाळाची पिशवी.

“एक विचारू?” बारकी म्हणाली. “काल मी तुमच्यावर घातलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? बरं झालं का म्हणालात?”

आक्का पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“सकाळी मी बटण शोधत नव्हते. लोहचुंबकाला बटण चिकटतं का गं? शिंप्याच्या घरात राहून एवढंही कळत नाही?”

“मग काय शोधत होतात?” बारकीनं विचारलं.

“तू टाचण्या तोंडात धरतेस. किती वेळा सांगितलं. आणि तशीच उठून पोराचा पापा घेतेस. दोन दिवस तो कण्हत होता. माझ्या मनात आलं, पडली वाटतं एखादी त्याच्या तोंडात.” आक्काचा आवाज खाली आला. “तुला विचारायची हिंमत होईना. तुला कळलं असतं तर तू जागच्या जागी वेडी झाली असतीस. म्हटलं, जमिनीवर सापडली तर सुटलो. तो फोटो आला आणि त्यात टाचणी दिसली नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यावर तू म्हणालीस बटण. माझ्या बाहुलीचं. म्हटलं, असू दे, टाचणीचं तुझ्या मनात आलं नाही तेच बरं झालं. तुझ्या टाचणीपेक्षा माझं बटण बरं.”

सबंध दिवस दोघी एकमेकींकडे चोरासारख्या बघत होत्या, आणि आत पोराच्या छातीत ना टाचणी होती ना बटण. बारकीनं मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

“पण दिसत नाही तुम्हाला, हे मात्र खरं,” ती शेवटी म्हणाली.

“दिसत नाही,” आक्का म्हणाली. “लांबचं दिसतं. जवळचं नाही. ठेव मनात. दुकानात कुणाला सांगू नकोस.”

तेवढ्यात नवरा आला. रात्रभर गाडी हाकून आलेला, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. दाराकडे बघत उभ्या उभ्या त्यानं सगळं विचारून घेतलं, आणि बटणाचं ऐकल्यावर म्हणाला, “कुठलं? बाहुलीचं काळं? ते माझ्याकडे आहे.”

दोघींनी एकदम मान वर केली.

“सैल झालं होतं. म्हटलं, पोरगं तोंडात घालेल, म्हणून निघताना कापून घेतलं. गाडीत पुढच्या काचेखाली चिकटवलंय. एका डोळ्यानं रस्ता बघतं. बरं वाटतं, सोबत होते.” तो दोघींकडे आळीपाळीनं बघू लागला. “काय झालं?”

“सांगता येत नव्हतं?” आक्का कडाडली.

“त्यात सांगण्यासारखं काय होतं?”

बारकीनं पिशवीतून बाहुली काढली. दोऱ्याची टोकं बोटांत धरून उजेडाकडे केली. दोरा कापलेला होता, पात्यानं, सरळ. पोरानं ओढून तोडला असता तर टोकं पिंजली असती. जन्म शिवणात गेलेल्या बाईला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं. काल तिनं ही बाहुली उलटी केली होती, सुलटी केली होती, आणि दोरा पाहिलाच नव्हता.

आक्कानंही टोकं बोटांनी चाचपली. “कापलेला,” ती न बघता म्हणाली.

दार उघडलं तेव्हा तिघंही उभी होती. सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी हातात, कपाळावर टोपीचा वळ. “झालं,” त्या म्हणाल्या. “चांगलं झालं. भाग काढल्या काढल्या खालचा फुलायला लागला. आम्ही सगळे बघत होतो.”

बारकीचा मात्र तिथं विश्वास बसला नाही. तो बसला आत गेल्यावर, मुठ्याच्या डाव्या छातीवर हात ठेवल्यावर. हृदय तिच्या तळव्याला लागलं, पुष्कळसं आपल्या जागी.

त्याच्या काखेखालून एक नळी निघून खाली पाण्याच्या बाटलीत बुडली होती. आक्का वाकून त्या बाटलीकडे डोळे बारीक करून बघत होती.

“सिस्टर, हे पाणी उकळतंय का?”

“बुडबुडे आहेत, मावशी. छातीत उरलेली हवा निघतेय.”

“निघतेय?”

“हो. बाहेर.”

आक्का बाटलीपाशीच थांबली. एक बुडबुडा आला, वर गेला, फुटला. दुसरा आला. “आल्या पावली,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुन्हा डोळे बारीक करून बघायला लागली, एखादा चुकून आत तर राहत नाही ना म्हणून.

मुठ्याचे दोन्ही हात अंगाशी होते. एकाला सलाईन. दुसरा मोकळा, मूठ घट्ट मिटलेली. बारकीचा हात सवयीनं तिकडे गेला, अंगठ्याखाली बोट सारून ती उघडायला. मग थांबला.

“बघ तरी काय धरलंय,” मागून आक्का म्हणाली.

“असू दे,” बारकी म्हणाली, आणि ती मिटलेली मूठ तिनं आपल्या मुठीत घेतली.